चार्जिंग नेमकं कुठे अडलं?

मुंबई-आग्रा महामार्गाला लागून नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत आहे. इथल्या कारखान्यांचा माल असो, लासलगावचा कांदा असो की निर्यातीची द्राक्षं, मुंबईकडे जाणारा ट्रक अनेकदा कसारा घाटानेच उतरतो. पावसाळी रात्री त्या घाटात हेडलाइट, वायपर, इंडिकेटर सगळं एकदम चालू असतं. अशा वेळी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरने दगा दिला की सारा भार बॅटरीवर येतो आणि ती हळूहळू रिकामी होते.

जड वाहनात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळवतात. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण 28 व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. आकडा 24 च्या आसपासच रेंगाळला, तर अल्टरनेटर उतरवण्याची घाई मात्र करू नये. सैल बेल्ट, गंजलेलं टर्मिनल किंवा अर्थिंगची सुटलेली वायर अल्टरनेटर निकामी झाल्याचा भास निर्माण करते. अर्ध्या तासाची ही तपासणी टाळून थेट नवा अल्टरनेटर बसवला, तर मालकाचे पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

बाहेरचं सगळं ठीक निघालं, तर अल्टरनेटर खोलल्यावर खरी परीक्षा सुरू होते. रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये मीटरने काही ओहमचा रोध दाखवला पाहिजे. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र सातत्य मिळता कामा नये. मिळालं, तर वाइंडिंग बॉडीला शॉर्ट झालेलं असतं. स्टेटरच्या तीन फेजांचा रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरला त्यांतला फरक कळत नाही. तिथे सिरीज लॅम्प, जळक्या वार्निशचा वास आणि काळवंडलेली तार ओळखणारी नजर उपयोगी पडते.

सगळ्यांत जास्त चकवते ती डायोडची प्लेट. स्टेटरमध्ये तयार होणारी वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. हा बदल डायोड करतात. चांगला डायोड एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. एखादा शॉर्ट झाला की गाडी उभी असतानाही बॅटरीतली वीज त्यातून परत वाहते. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर जाणता कारागीर आधी डायोडच तपासतो. दुसरा चकवा तेलाचा. कित्येक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. त्याचं सील गेलं की तेल आत झिरपतं आणि कार्बन ब्रश स्लिप रिंगवर नीट टेकत नाहीत. अशा गाडीत नुसते ब्रश बदलले, तर महिनाभरात तीच तक्रार परत येते.

दुरुस्तीनंतर टेस्ट बेंचवर नुसता व्होल्टेज बघून भागत नाही. 100 अँपिअरचा अल्टरनेटर 28 व्होल्टला 2,800 वॉट देतो. तेवढ्या भाराखाली तो गरम झाल्यावरही टिकतो का, हे पाहावं लागतं. बेअरिंगचा आवाज आणि रेग्युलेटरची चूक तिथेच उघडी पडते.

काही बिघाड चालकाला टाळताही येतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली, की व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची जोडणी सोडावी आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या जागेजवळच पकडावी.