फुकट आणि मुक्त

माझे वडील शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी देहूच्या जुन्या आठवणी लिहून काढल्या आणि २००३ साली त्या एका दुकानात संगणकावर टाइप करून घेतल्या. हस्तलिखित पुढे घराच्या दुरुस्तीत गहाळ झाले. पण सीडी आहे ना, म्हणून आम्ही निर्धास्त! वडील गेल्यावर ती सीडी लावली, तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. नुसती इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि वेडीवाकडी चिन्हे. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. टाइप केले तो प्रोग्राम विकतचा, त्याचे कुलूप उघडणारे डोंगल दुकानदाराजवळ, आणि दुकान बंद होऊन कित्येक वर्षे झालेली. मजकूर आमचा, पैसे आमचे. वाचण्याची मुभा तेवढी दुसऱ्याच्या हाती!

तेव्हापासून घरच्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर घालावे, हा प्रश्न मला नुसता पैशाचा वाटत नाही.

आपल्या भागात आता घरोघर संगणक दिसतात. त्यांतले कितीतरी कंपन्यांनी काढून टाकलेले, दुसऱ्या हातचे. विकणारा म्हणतो, “सर, सगळं टाकून देतो.” हे ‘सगळं’ पुष्कळदा चोरीचे असते, आणि चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस कधी घरात शिरतो ते कळतही नाही. दुसरी अडचण अशी, की विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना नियमाप्रमाणे घालता येत नाही. मग धडधाकट यंत्र भंगारात काढायचे काय?

येथे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. फुकट मिणारे पुष्कळ काही मुक्त नसते. चाकण-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला हा भेद चटकन पटेल. एखादे यंत्र ड्रॉइंगसकट मिळाले, तर त्याचा भाग कोणताही कारागीर करून देतो. ड्रॉइंग नसले, तर जन्मभर त्याच कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. सॉफ्टवेअरचे ड्रॉइंग म्हणजे त्याचा सोर्स कोड. तो उघडा असावा, प्रोग्राम हवा त्या कामाला वापरता यावा, त्यात बदल करता यावा, मूळ किंवा बदललेली प्रत शेजाऱ्याला देता यावी, अशा या मोकळिकी आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला तो यासाठीच. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली.

आता निवड कशी करावी? कोणताही प्रोग्राम घेताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, याचा परवाना मुक्त आहे काय? दुसरा, मी तयार केलेली फाइल उद्या दुसऱ्या प्रोग्रामात उघडेल काय? तिसरा, याच्या सुधारणा अजून निघतात काय? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ठरीव मापाच्या बोल्टला कोणत्याही दुकानातला पाना लागतो, तसे फाइलीचे असावे. लिबरऑफिस ज्या ओडीएफ नमुन्यात फाइल ठेवते, तो २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पत्र, हिशेब, मुलांचे प्रकल्प एवढ्याला लिबरऑफिस पुरते. गाणी आणि चित्रपटांना व्हीएलसी, फोटोंना गिंप, इंटरनेटला फायरफॉक्स. हे चारही विंडोजवर चालतात; तेव्हा आधी तेथेच हात बसवावा. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ लिबरऑफिस मराठीतूनही शिकवते, तेही मोफत.

हात बसला, की लिनक्सकडे वळावे. लिनक्स मिंट चार जीबी मेमरीच्या यंत्रावरही बरे चालते. ते पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात कायमचे न बसवता, नुसते चालवून पाहता येते. प्रिंटर, वायफाय, आवाज यांची परीक्षा तेव्हाच घ्यावी. बसवण्यापूर्वी मात्र आपल्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. हा नियम मोडणारा हमखास रडतो. आणि प्रोग्राम नेहमी मूळ संकेतस्थळावरून किंवा लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावा.

अडचणी नाहीत असे नाही. वर्डची गुंतागुंतीची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, की मांडणी इकडेतिकडे सरकते. माझा एक विद्यार्थी फ्रीकॅडवर उत्तम आरेखन शिकला. पण नोकरीच्या ठिकाणी त्यांनी ऑटोकॅडच मागितले. तेथे हट्ट धरू नये. ज्याला ते लागते त्याने ते रीतसर घ्यावे. बाकीच्या घराने त्यासाठी चोरी कशाला करावी?

मराठीपुरती एक गोष्ट आवर्जून सांगतो. टाइप करावे ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगभर एकच. इनस्क्रिप्टची कळपाटी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत असते, आणि मुक्तासारखे सुबक फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा आम्ही देहूकर लहानपणापासून ऐकतो. त्या तरल्या ही श्रद्धेची बाजू झाली. पण अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते बुडणे शक्यच नव्हते, असेही येथले म्हातारे सांगत. जे पुष्कळांच्या हाती असते, ते एकाच्या कुलपाबरोबर जात नाही.

वडिलांच्या आठवणींचे म्हणाल, तर कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर, असा तक्ता करून एका विद्यार्थ्याने छोटा प्रोग्राम लिहिला. बराच मजकूर परत आला. काही जोडाक्षरे अजून अडलेली आहेत. ती मी रोज संध्याकाळी थोडी थोडी लावतो आहे. आपल्या घरात अशी एखादी जुनी सीडी असेल, तर ती आजच काढून बघा. टाइप करणारे दुकान अजून चालू असेल, तर आपण माझ्याहून भाग्यवान!