गोदामाच्या दारांतील खोळंबा

शहरांतील गृहिणीला साखर, दूध, फळें या वस्तु हव्या असल्या म्हणजे त्या दुकानांत मिळतात. दुकानापर्यंत त्या कशा पोंचल्या, याचा विचार करण्याचें तिला सहसा कारण पडत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर हा विचार फारच मागें पडला आहे. १९१६ मध्यें मेंफिस येथें ग्राहकानें स्वतःच्या हातानें फळीवरून माल उचलावा अशा पद्धतीचें दुकान निघालें, १९३० मध्यें न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत मायकेल कलन यानें किराण्याचें भव्य दुकान उघडलें, आणि त्यानंतर वाणी व ग्राहक यांची समोरासमोर गांठ पडेनाशी झाली. दुकानामागें प्रचंड गोदाम आणि गोदामामागें मालमोटार अशी सांखळी उभी राहिली. या सांखळीचा सर्वांत अधिक ताणला जाणारा दुवा म्हणजे गोदामाच्या फाटकाशीं गाडी घेऊन उभा असलेला चालक. त्याच्या श्रमाचा मोठा भाग गाडी हांकण्यांत जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चालकांना विचारलें, तर खरें कष्ट गाडी थांबल्यावर सुरू होतात, असें त्यांतले अनेकजण सांगतील.

किराण्याचा माल वाहणारी अमेरिकन मालमोटार अवजड असते. पुढें इंजिन आणि झोपण्याच्या फळीसह चालकाची खोली, मागें बहुधा ५३ फूट लांबीची बंद पेटी. गाडी, इंधन व माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारें ३६ टन, इतकें वजन आंतरराज्य महामार्गांवरून नेण्याची सामान्यतः मुभा आहे. पेटीच्या आंत ४८ इंच लांब व ४० इंच रुंद अशा लांकडी तबकांवर खोकीं रचलेलीं असतात. या तबकांना तिकडे पॅलेट म्हणतात. सरळ मांडलीं तर अशीं २६ तबकें एका पेटींत बसतात. माल दूध, मांस किंवा भाजी असा नाशवंत असेल, तर पेटीच्या तोंडाशीं शीतयंत्र बसविलेलें असतें आणि तें वाटेंत एकसारखें चालू ठेवावें लागतें.

गोदामाशीं वेळ आधीं ठरवावी लागते. पहांटे पांचची वेळ मिळाली असेल, तर चालक त्यापूर्वींच फाटकाशीं हजर होतो. कारण उशीर झाला तर ठरलेली वेळ जाते, आणि दुसरी कदाचित् दुसऱ्या दिवसाची मिळते. फाटकावरील पहारेकरी कागद पाहतो, पेटीच्या दारावरील सीलाचा क्रमांक ताडून घेतो, शीतयंत्राचें उष्णमान टिपतो आणि चालकाला थांबण्यास सांगतो. कांहीं वेळानें, कधीं बऱ्याच वेळानें, माल उतरविण्याच्या एकाद्या ओट्याचा क्रमांक त्याला मिळतो. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत ५३ फुटांची पेटी उलटी नेऊन ओट्याला अचूक भिडविणें, हें नवशिक्याला घाम फोडणारें काम आहे. गाडी ओट्याला लागली कीं अनेक ठिकाणीं तिच्या मागच्या लोखंडी दांड्याला गोदामाची कडी अडकते आणि बाहेरचा दिवा तांबडा होतो. तो हिरवा होईपर्यंत गाडी हलवितां येत नाहीं. कांहीं गोदामें तर चालकाकडून किल्ल्याहि काढून घेतात.

येथून पुढें चालकाच्या हातांत कांहीं राहत नाहीं. माल उतरविणें म्हणजे तबकें ओढून आंत घेणें, इतकेंच तें काम असतें तर तासाभरांत आटोपलें असतें. परंतु कारखान्यानें तबकावर किती खोकीं, किती थरांत रचलीं, हें कारखान्याच्या सोयीनें ठरलेलें असतें. गोदामांतील फळ्यांची उंची निराळी असते. त्यामुळें उंच तबकें मोडावीं लागतात, एकाच तबकावर मिसळलेले पदार्थ वेगळे करावे लागतात, आणि प्रत्येक जातीचीं खोकीं नव्यानें रचावीं लागतात. त्यानंतर मोजणी होते. चार खोकीं कमी भरलीं, दोन चेपलेलीं निघालीं, तर तसा शेरा कागदावर पडतो. गोदामानें नाकारलेलीं खोकीं पुन्हां गाडींत चढतात आणि त्यांचें काय करावयाचें हा प्रश्न चालकाच्या गळ्यांत पडतो. शेवटीं सहीचा कागद हातीं आल्याशिवाय त्याला निघतां येत नाहीं, कारण तो कागद दाखविल्याशिवाय भाडें मिळत नाहीं.

हें मोडण्याचें व रचण्याचें काम करणारे हमाल गोदामांत असतात. अमेरिकेंत त्यांना लंपर म्हणतात. बहुधा ते गोदामाचे नोकर नसतात, ठेकेदाराचे असतात, आणि त्यांची मजुरी अनेकदां गाडीवाल्याकडून वसूल होते. गाडी मोठ्या कंपनीची असली तर कंपनी पैसे पाठविते. गाडी चालकाच्या स्वतःच्या मालकीची असली तर तो आधीं पदरचे पैसे भरतो आणि पावती जपून ठेवून पुढें परतफेडीची वाट पाहतो. ज्या मालाचा तो मालक नाहीं, तो माल दुसऱ्याच्या गोदामांत, दुसऱ्याच्या सोयीनें रचण्याचा खर्च त्यानें कां सोसावा, हा चालकांचा जुना प्रश्न आहे. १९८० च्या मोटरवाहतूक कायद्यानें त्याचें उत्तर दिलेलें आहे. माल पाठविणारानें किंवा घेणारानें चालकाला हमालांची मदत घेण्यास भाग पाडलें, तर ती मदत त्यानेंच पुरवावी किंवा तिचा मोबदला द्यावा. चालकावर जबरदस्ती करणें हा गुन्हा आहे. परंतु कायद्याचें पुस्तक ओट्यापासून दूर असतें. हमाल घेतले नाहींत तर काम रेंगाळेल, एवढें नुसतें सुचविलें गेलें, तरी घाईंत असलेला चालक पैसे देऊन मोकळा होतो.

महाराष्ट्रांतील वाचकाला हा वाद परका वाटणार नाहीं. मुंबईच्या घाऊक बाजारांत पोतीं वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनीं संघटित केलें, आणि १९६९ मध्यें माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं राज्यानें स्वतंत्र कायदा केला. मजुरी मंडळामार्फत मिळावी आणि हमालाला नोंदणी व कल्याणाच्या सोयी लाभाव्या, ही त्या कायद्याची योजना होय. हमालाच्या पदरीं न्याय पडला. तरी चढाई-उतराईचे पैसे, ज्यांना वाहतुकीच्या धंद्यांत वाराई म्हणतात, ते कोणी द्यावे हें भांडण राहिलेंच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही येथील मालमोटारवाल्यांची घोषणा आणि अमेरिकेंतील १९८० च्या कायद्याचें कलम, या दोहोंचा अर्थ एकच आहे.

पैशांपेक्षांहि मोठी हानि वेळेची होते, आणि ती समजण्यासाठीं चालकाच्या दिवसाचा हिशेब पाहावा लागतो. थकलेल्या चालकाच्या हातून अपघात होतात, म्हणून १९३५ च्या मोटरवाहतूक कायद्यानें चालकांच्या कामाचे तास ठरविण्याचा अधिकार आंतरराज्य व्यापार आयोगाला दिला. तो आयोग १९९५ च्या अखेरीस बरखास्त झाला, परंतु नियम राहिले व बदलत गेले. सध्यांच्या मुख्य नियमाप्रमाणें, सलग दहा तासांची विश्रांति झाल्यावर चालकाला अकरा तास गाडी हांकतां येते. मात्र हे अकरा तास कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आंत बसवावे लागतात. चौदा तास संपले कीं पुन्हां दहा तास विश्रांति घेतल्यावांचून चाकाला हात लावतां येत नाहीं. डिसेंबर १९१७ नव्हे, तर थेट डिसेंबर २०१७ पर्यंत हा हिशेब बहुतेक चालक कागदी नोंदवहींत लिहीत असत, आणि वहींत हात राखून लिहिण्याची सोय होती. त्यानंतर बहुतेक गाड्यांना इंजिनाशीं जोडलेलें नोंदयंत्र सक्तीचें झालें, आणि ती सोय गेली.

आतां एका दिवसाचें गणित मांडून पाहावें. चालक पहांटे चारला कामावर आला, तासभर गाडी हांकून पांचला गोदामाशीं पोंचला, आणि तेथून दुपारीं बाराला सुटला. त्याचे चौदा तास संध्याकाळीं सहाला संपणार. हांकण्याचे दहा तास शिल्लक आहेत, परंतु ते वापरण्यास दिवसाचे सहाच तास उरले आहेत. सरासरी ताशीं ५० मैल धरले, तर त्या दिवशींचे २०० मैल बुडाले. अमेरिकेंत लांब पल्ल्याच्या पुष्कळ चालकांना पगार मैलांवर मिळतो. चाक फिरलें तर पैसा. म्हणजे बुडालेले मैल ही बुडालेली मजुरी. जादा तासांसाठीं दीडपट मजुरी देण्याचा जो राष्ट्रीय कायदा १९३८ मध्यें झाला, त्याच्या त्या कलमांतून आंतरराज्य मालमोटारींचे चालक वगळलेले आहेत. २०२० मध्यें विश्रांति दोन भागांत घेण्याची सवलत थोडी वाढली, आणि झोपण्याच्या फळीवर सलग सात तास काढले तर खोळंब्याचा वेळ कांहीं अटींवर हिशेबांतून वगळतां येतो. परंतु खोळंबा दोन तासांचा होणार कीं सातांचा, हें चालकाला आधीं कोणी सांगत नाहीं. केव्हां हांक येईल याचा नेम नसतां घेतलेली झोप ही झोप नव्हे.

मग खोळंब्याचें भाडें, ज्याला येथील व्यापारी डेमरेज म्हणतात, तें चालक कां मागत नाहींत? मागतात, परंतु धंद्याचा रिवाज असा कीं पहिले दोन तास फुकट. त्यानंतरचें भाडें मागावयाचें तें माल पाठविणाराकडून किंवा दलालाकडून, कारण वाहतुकीचा करार बहुधा त्यांच्याशीं झालेला असतो. खोळंबा मात्र माल घेणाऱ्या गोदामाच्या दारांत होतो. मूळ दुखणें येथेंच आहे. वेळ एकाचा जातो, तो दुसऱ्यामुळें जातो, आणि हिशेब तिसऱ्याकडे मागावा लागतो. गोदामाला आपले हमाल व ओटे रिकामे राहूं नयेत असें वाटतें. दाराशीं पांच गाड्या ताटकळत असल्या म्हणजे ते कधींच रिकामे राहत नाहींत. ज्या वेळाची किंमत मोजावी लागत नाहीं, तो वांचविण्याची तजवीज कोणी मुद्दाम करीत नाहीं. लहान वाहतूकदार तर पुढचें काम जाईल या भीतीनें बिलच पाठवीत नाहीं.

या स्थितीचा परिणाम चालकाच्या खिशापुरता राहत नाहीं. अमेरिकेच्या वाहतूकखात्याच्या महानिरीक्षकांनीं जानेवारी २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं, गोदामांतील सरासरी मुक्काम १५ मिनिटांनीं वाढला तर अपघातांचें अपेक्षित प्रमाण सरासरी ६.२ टक्क्यांनीं वाढतें. भाड्यानें पूर्ण गाडीचा माल वाहणाऱ्या चालकांच्या वार्षिक मिळकतींत खोळंब्यामुळें १.१ ते १.३ अब्ज डॉलरांची तूट येते, असाहि अंदाज त्याच अहवालांत आहे. कारण उघड आहे. गेलेला वेळ भरून काढण्यासाठीं मनुष्य घाई करतो, आणि रात्रभर अर्धवट जागा राहिलेला मनुष्य घाई करूं लागला कीं महामार्गावरील इतर सर्वांनाच धोका उत्पन्न होतो.

आणखी एक अडचण जागेची. अनेक गोदामें ठरलेल्या वेळेपूर्वीं गाडी आवारांत घेत नाहींत आणि माल उतरल्यावर क्षणभर थांबूं देत नाहींत. कित्येक ठिकाणीं चालकाला स्वच्छतागृह वापरूं देण्याचीहि टाळाटाळ होते. तास संपले असतांना फाटकाबाहेर काढलेल्या चालकानें जावें कोठें? जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेण्यास २०१८ मध्यें नियमांच्या खुलाशानें मुभा दिली; परंतु तशी जागा सांपडली पाहिजे. मार्च २००९ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतला एक तरुण चालक दूध घेऊन दक्षिण कॅरोलिनांतील एका गोदामाकडे चालला होता. तो वेळेपूर्वीं पोंचला. थांबण्यास योग्य जागा नव्हती, म्हणून ओसाड पडलेल्या एका पेट्रोलपंपाच्या आवारांत त्यानें गाडी उभी केली. तेथें एका लुटारूनें त्याला गोळी घालून ठार केलें. लुटींत मिळाले सात डॉलर. त्याच्या पत्नीनें व इतर चालकांनीं केलेल्या खटपटीमुळें २०१२ मध्यें मालमोटारींच्या सुरक्षित विसाव्यांसाठीं कायद्यांत तरतूद झाली. ती त्याच्याच नांवानें, ‘जेसनचा कायदा’ म्हणून, ओळखली जाते. त्यानंतर सरकारनें केलेल्या पाहणींत देशभर अशा जागांची टंचाई दिसून आली, आणि ती अद्याप मिटलेली नाहीं.

उपाय अगदींच नाहींत असें नव्हे. कांहीं ठिकाणीं चालक भरलेली पेटी गोदामाच्या आवारांत सोडतो, रिकामी पेटी जोडतो आणि लगेच निघतो. माल सवडीनें उतरविला जातो. याला जादा पेट्या व प्रशस्त आवार लागतें, म्हणून तें मोठ्या कंपन्यांनाच परवडतें. वेळांची वांटणी दिवसभर सारखी करणें, कारखान्यानें तबकें गोदामाच्या मापानेंच रचून पाठविणें, आणि खोळंब्याचें भाडें आल्या-गेल्याच्या यांत्रिक नोंदींवरून आपोआप आकारणें, हे मार्गहि आहेत. त्यांपैकीं शेवटचा मार्ग विशेष महत्त्वाचा. कारण गोदामाच्या जमाखर्चांत चालकाच्या तासाला किंमत आली, तर बाकीच्या सुधारणा गोदामवाले स्वतः होऊन करूं लागतील.

दुधाच्या बाटलीवर जी किंमत छापलेली असते, तींत गवळ्याचें चारापाणी, कारखान्याचा खर्च, इंधन आणि दुकानदाराचा नफा हीं सर्व आलेलीं असतात. फाटकाशीं गेलेले सात तास तींत बहुधा आलेले नसतात. ते चालकानें पदरचे घातलेले असतात. दुपारीं दिवा हिरवा होतो, सहीचा कागद हातीं पडतो, आणि रात्रींच्या मुक्कामाला जागा मिळेल कीं नाहीं याचा विचार करीत तो गाडी सुरू करतो.