क्विक हील पुन्हा उभारी घेईल, ते का?

सळईच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना एमआयडीसीत ई-वे बिल, जीएसटी, हिशेब, सगळं संगणकावर चालतं. नेटवर्कमध्ये रॅन्समवेअर घुसलं, तर भरलेला ट्रकही गेटवर अडकू शकतो. म्हणूनच इथल्या गुंतवणूकदाराला पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीबद्दल आशा वाटणं रास्त आहे.

कंपनीचे संस्थापक, रहिमतपूरचे कैलाश काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस तयार केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचा शेअर ३२१ रुपयांना बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी घसरला. मार्च २०२० मध्ये तर तो १०० रुपयांच्याही खाली होता! २०२४ मध्ये त्यानं ७०० ओलांडले, मग पुन्हा उतरला.

पुढची मोठी संधी कंपन्यांची नेटवर्क सांभाळणाऱ्या क्विक हीलच्याच ‘सेक्राइट’ या ब्रँडमध्ये दिसते. शेअर घेण्याआधी तिमाही निकालात सेक्राइटची विक्री वाढतेय का, तेवढं नक्की बघा.