स्कॅनमध्ये उमटलेली युद्धे

रेडिओलॉजिस्ट हा रुग्णाला क्वचितच भेटणारा डॉक्टर. रुग्ण मशीनवर झोपतो, तंत्रज्ञ छायाचित्रे काढतो, आणि दूरच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत बसून कोणीतरी ती वाचतो. बहुतेकांना त्याची ओळख असते ती रिपोर्टखालच्या सहीपुरतीच. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे काम करणाऱ्यांना पडद्यावर नुसता आजार दिसत नाही. कोण कोणत्या युद्धात होता, कोणत्या जहाजावर होता, काय ओढत होता, कशाच्या धुरात राहिला होता, याच्या खुणाही दिसतात.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र यंत्रणा आहे. ‘व्हीए’ या नावाने ती ओळखली जाते. तिची सुमारे १७० रुग्णालये आणि हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे आहेत, आणि सुमारे ९० लाख माजी सैनिकांची तिथे नोंद आहे. आपल्याकडे २००३ पासून माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ योजना आहे. पण तिच्यात पॉलिक्लिनिकनंतरचे उपचार लष्करी किंवा करारबद्ध खासगी रुग्णालयांत होतात. व्हीएची रुग्णालये, डॉक्टर आणि नोंदी तिच्या स्वतःच्या आहेत. हा फरक रेडिओलॉजीच्या दृष्टीने फार मोठा आहे.

तिथे रेडिओलॉजिस्ट व्हायला वैद्यकीय पदवीनंतर एक वर्ष इंटर्नशिप आणि चार वर्षे रेसिडेन्सी करावी लागते. बहुतेक जण त्यानंतर मेंदू, छाती किंवा हाडे-सांधे अशा एखाद्या शाखेत आणखी एक वर्ष घालवतात. व्हीएमधली नोकरी पगारी असते. दर स्कॅनमागे पैसे नसल्याने जास्त स्कॅन करण्यात डॉक्टरचा फायदा नसतो. कोणत्याही एका राज्याचा परवाना असला की देशभरातल्या कुठल्याही व्हीए रुग्णालयात काम करता येते. त्यामुळेच एका राज्यात बसलेले डॉक्टर हजारो किलोमीटरवरच्या रुग्णालयातले रात्रीचे सीटी स्कॅन वाचू शकतात.

खुणा वाचणे

छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे पांढरे, चपटे पट्टे दिसले, की अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या मनात पहिला प्रश्न येतो : हे गृहस्थ नौदलात होते का? दुसऱ्या महायुद्धापासून १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकी युद्धनौकांत उष्णतारोधक म्हणून अॅस्बेस्टॉसचा सर्रास वापर झाला. त्याचे तंतू श्वासातून आत गेले, तर हे पट्टे उमटायला साधारण वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हे पट्टे म्हणजे कर्करोग नव्हे. पण अॅस्बेस्टॉस शरीरात गेल्याची ती साक्ष असते, आणि त्यामुळे बाकीचे फुप्फुस अधिक बारकाईने पाहावे लागते.

दुसरी खूण धातूची. स्फोटात शरीरात घुसलेल्या लोखंडी कपच्या, ज्यांना सैनिक स्प्लिंटर म्हणतात, कित्येकदा काढल्याच जात नाहीत. त्या काढण्यात त्या राहू देण्यापेक्षा जास्त धोका असतो. पुढे पन्नास वर्षांनी पाठदुखीसाठी त्याच माणसाला एमआरआय सांगितला जातो. रुग्णालयात नेहमी वापरल्या जाणाऱ्या १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. मांडीच्या स्नायूत जुनी रुतलेली कपची सहसा हलत नाही. डोळ्यात किंवा मोठ्या रक्तवाहिनीजवळ असलेली कपची हलली तर दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी साधा एक्स-रे काढून कपची नेमकी कुठे आहे ते पाहतात, आणि मग एमआरआय करायचा की सीटीवर भागवायचे, हा निर्णय रेडिओलॉजिस्ट घेतात. हे काम रिपोर्ट लिहिण्याच्या आधीचे आहे, आणि तितकेच महत्त्वाचे.

सहा मिलिमीटरचा पेच

या रुग्णालयांत सर्वांत जास्त घोर लावणारा विषय म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. अमेरिकी सैनिकांच्या शिध्याच्या पाकिटात १९७५पर्यंत सिगारेटी दिल्या जात होत्या. म्हणजे अनेकांना ही सवय सरकारी खर्चानेच लागली.

असा कर्करोग लवकर सापडावा म्हणून कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा वापर होतो. त्याचा किरणोत्सर्ग सुमारे १.५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो त्याच्या साधारण निम्मा. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या एक्स-रेच्या तुलनेत अशा स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आज तिथे ५० ते ८० वर्षे वयाच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान २० वर्षांइतके धूम्रपान केलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांना दरवर्षी हा स्कॅन सुचवला जातो.

मग अडचण कुठे आहे? ती व्हीएच्याच एका प्रकल्पात स्पष्ट झाली. आठ रुग्णालयांत २,१०६ माजी सैनिकांचे स्कॅन झाले. त्यांतल्या १,२५७ जणांच्या, म्हणजे जवळपास ६० टक्के लोकांच्या फुप्फुसात लहानमोठ्या गाठी दिसल्या. प्रत्यक्षात कर्करोगाचे निदान पक्के झाले ते ३१ जणांत. बाकीच्या बहुतेक गाठी जुन्या संसर्गाचे व्रण किंवा अशाच निरुपद्रवी गोष्टी होत्या.

रेडिओलॉजिस्टचे काम इथे कठीण होते. सहा मिलिमीटरची गाठ म्हणजे साबुदाण्याच्या भिजलेल्या मोठ्या दाण्याएवढी. प्रत्येक गाठीवर बोट ठेवले, तर शेकडो माणसे महिनोन्‌महिने कर्करोगाच्या भीतीत राहणार. काहींच्या छातीत सुई जाणार आणि आधीच सिगारेटने पोखरलेले फुप्फुस त्या सुईने फुटूही शकते. एकीकडे दुर्लक्ष केले, तर त्या ३१ जणांपैकी कोणीतरी हातून सुटणार. म्हणून आता गाठीचा आकार, कडा, घनता आणि वाढ यांवरून ठरलेले वर्गीकरण वापरतात. कोणाला वर्षाने बोलवायचे, कोणाला सहा किंवा तीन महिन्यांनी आणि कोणाला लगेच पुढच्या तपासणीला पाठवायचे, हे त्यावरून ठरते. आणि ठरवून भागत नाही. सहा महिन्यांनी तो माणूस खरोखर परत आला का, याची नोंद ठेवणारे कोणीतरी लागते. रिपोर्टमध्ये बरोबर लिहिलेली गाठ पाठपुराव्याअभावी वाढत राहिली, तर निदान अचूक असून उपयोग काय?

स्कॅन स्वच्छ, तरीही दम

याच्या उलट टोकाचा प्रसंगही असतो. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधी कचरा असे सारे उघड्या खड्ड्यांत जाळले जाई. त्या धुरात राहिलेले तरणेताठे जवान परतल्यावर दोन जिने चढताना धापा टाकू लागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८० सैनिकांची तपासणी झाली. काहींचा तर २००३ मध्ये मोसुलजवळच्या गंधकाच्या खाणीला लागलेल्या आगीच्या धुराशी संबंध आला होता. ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ३८ जणांत अतिसूक्ष्म श्वासनलिका आकसल्याचे आढळले. या ३८ जणांचे एक्स-रे साफ होते, आणि सीटीमध्येही साधारण चौघांतल्या एकाच्याच फुप्फुसात काही खुणा दिसल्या.

त्यामुळे ‘स्कॅनमध्ये दोष आढळला नाही’ आणि ‘रुग्णाला आजार नाही’ ही दोन वाक्ये एक नाहीत, हे रेडिओलॉजिस्टला पक्के ठाऊक असावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या ‘पॅक्ट’ कायद्याने हा आजार आणि धुराशी जोडलेले इतर अनेक आजार सेवेमुळे झाल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. भत्ता मंजूर करणे रेडिओलॉजिस्टच्या हातात नसते. पण त्यांचे एक ढिसाळ वाक्य माणसाच्या फाइलमध्ये कायमचे राहते.

जुन्या स्कॅनची किंमत

रेडिओलॉजिस्टचे सर्वांत धारदार हत्यार कोणते, असे विचारले तर अनेक जण यंत्राचे नाव घेणार नाहीत. ते म्हणतील, जुना स्कॅन. दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच घन गाठ आजही तेवढीच असेल, तर ती कर्करोगाची नसण्याची शक्यता फार मोठी. व्हीएने यात फार आधी पाऊल टाकले. बाल्टिमोरच्या व्हीए रुग्णालयाने १९९३ मध्येच फिल्म जवळपास हद्दपार करून छायाचित्रे संगणकावर वाचायला सुरुवात केली. जगात हे करणाऱ्या पहिल्या रुग्णालयांत त्याची गणना होते. आज एका व्हीए रुग्णालयातला जुना स्कॅन दुसऱ्या शहरातल्या व्हीए डॉक्टरला पाहता येतो.

या सोयीला आता भेगा पडत आहेत. २०१८ च्या कायद्यानुसार व्हीएमध्ये तज्ज्ञाची वेळ २८ दिवसांत मिळत नसेल किंवा रुग्णालय फार दूर असेल, तर सैनिक सरकारी खर्चाने खासगी रुग्णालयात जाऊ शकतो. खेड्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाची यामुळे मोठी सोय झाली. पण त्याचे स्कॅन आता दोन-तीन ठिकाणी विखुरतात. बाहेरचा स्कॅन वेळेवर पोहोचला नाही, तर जुनीच गाठ नवी वाटते आणि नवी तपासणी मागे लागते. वेळेवर सोय आणि अखंड नोंद, दोन्ही हव्यात. दोन्हींचा मेळ घालणे हाच तिथला आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे हा मेळ घालायची जबाबदारी बहुतांशी रुग्णावरच पडते. रिपोर्टचा कागद सगळे जपतात. फिल्म आणि सीडी मात्र घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत जाते. रेडिओलॉजिस्टला दुसऱ्याचे मत वाचण्यापेक्षा मूळ छायाचित्र पाहणे जास्त उपयोगाचे असते. म्हणून सीटी किंवा एमआरआयला जाताना तीन गोष्टी कराव्यात : जुन्या फिल्म, सीडी सोबत न्याव्यात, शरीरात धातूचा तुकडा, पेसमेकर, क्लिप असे काहीही असेल तर ते न विचारताही सांगावे, आणि गिरणी, खाण, जहाज, वेल्डिंग, फौज, जिथे आयुष्य गेले ते कामही सांगावे. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसला तरी.