उंबरठ्याबाहेरचे निदान

टाचदुखीचा रुग्ण चिकित्सालयात येतो, तेव्हा चप्पल दाराबाहेर काढून येतो. आपण नाडी पाहतो, टाच दाबून पाहतो, तैल लिहून देतो. आणि व्याधीचे एक कारण बाहेर पायरीवर तसेच पडून राहते. अलीकडे आम्ही अशा रुग्णास चप्पल आत आणावयास सांगतो. तो संकोचतो, परंतु झिजलेला तळ पुष्कळ सांगून जातो. टाचेच्या बाहेरच्या कडेची किंचित झीज स्वाभाविक असते. आतली कडा अधिक घासलेली असल्यास पावलाची कमान खचत असल्याची शंका घ्यावी.

जळगावची सराफी पेढी असो वा धुळ्याचे कापड दुकान, पूर्वी विक्रेता गादीवर बसून व्यवहार करी. काचेचे काउंटर आले आणि तो उभा राहिला. त्यातच दुकान म्हणजे लक्ष्मीचे स्थान, म्हणून पादत्राणे उंबरठ्याबाहेर, ही आपल्याकडील रीत. परिणामी नोकरवर्ग दिवसभर कठीण फरशीवर अनवाणी उभा असतो. औषधविक्रेते बंधू रागावणार नसतील तर सांगतो, धन्वंतरीच्या प्रतिमेखाली हेच चित्र काही औषधालयांतही दिसते. रीत मोडावी असे आम्ही म्हणत नाही. केवळ आत वापरावयाचा स्वच्छ, स्वतंत्र जोड ठेवला की श्रद्धाही राखली जाते आणि टाचही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादत्राणधारण नेत्रांस व त्वचेस हितकर, बल्य आणि पायांच्या पीडा दूर करणारे सांगितले आहे. पाऊल विषम पडल्याने होणारा वातकंटक सुश्रुतांनी वर्णिला. वाग्भटांनी कारणांत श्रमही सांगितला. अग्निकर्माने वेदना शमते, परंतु निदानपरिवर्जन न झाल्यास तोच रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो.

जोड सायंकाळी खरेदी करावा, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाऊल किंचित सुजलेले असते. दोन्ही पायांत घालून, उभे राहूनच माप पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. तळ बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये. टाचेची उंची इंचभर पुरे. मागे पट्टा हवा, नाहीतर चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळली जातात. फार मऊ तळ हातास सुखद लागतो, पण काही आठवड्यांत दबून जातो. दुकानदार हे सांगत नाही! आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा बंद प्लॅस्टिकचा जोड टाळून चामड्याचा वा कापडी घ्यावा. मधुमेही रुग्णाच्या तळव्याची संवेदना मंदावलेली असल्यास त्यास एमसीआर रबराची, मागे पट्ट्याची चप्पल सुचवावी आणि घरातही अनवाणी फिरू देऊ नये.

अर्थात, कितीही उत्तम जोड बसण्याची जागा घेऊ शकत नाही. केरळने 2018 मध्ये व तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांस बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली. औषधालयाच्या मालकांनी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काउंटरमागे एक स्टूल आणि आलटून पालटून एकेक पाय टेकण्यास लाकडी पाट, एवढा खर्च प्रत्येकास झेपेल. रात्री तिळतेलाचा पादाभ्यंग सांगावाच. तेल तर आपल्याच फडताळात आहे.