मोरे ईल घरी पाळताना : चौथीच्या वर्गातला एक प्रश्न



परिसर अभ्यासाच्या तासाला माशाचे अवयव शिकवत होते. कल्ले, पर, खवले असं फळ्यावर लिहून झालं, तेवढ्यात एक मुलगा उठला. "मॅडम, आमच्या घरच्या माशाला खवलेच नाहीत. आणि तो दिवसभर आमच्याकडे बघून तोंड वासतो. रागावलाय का तो?"

त्याच्या वडिलांनी घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली होती आणि त्यात 'मोरे ईल' आणला होता. (वर्गात एक मोरे आडनावाचा मुलगा आहे. त्याचं त्या दिवशी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल!) मी "उद्या सांगते" म्हटलं आणि वाचायला बसले. तो मासा आता नाही. पण तेव्हा जे वाचलं आणि त्या घरी जाऊन जे पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. मोरे रागावलेला नसतो, तो श्वास घेत असतो. रोहू किंवा कटल्याच्या कल्ल्यांवर जे हाडाचं झाकण असतं ते याला नसतं, डोक्यामागे फक्त दोन लहान गोल भोकं असतात. म्हणून तोंड उघडून-मिटून तो पाणी कल्ल्यांवर ढकलतो. छातीचे आणि पोटाचे परही नसतात, पाठीवरून शेपटीपर्यंत एकच लांब पट्टा असतो. अंग बुळबुळीत, साप वाटावा असं. पण तो साप नाही, मासाच आहे. आपल्या बाजारात येणारी समुद्रातली वाम ही त्याची लांबची नातेवाईक. मालवणच्या खडकांतही मोरे सापडतात.

याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरलं की मागची जोडी पुढे सरकते, त्याला पकडते आणि आत ओढते. हे कसं चालतं ते शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. मुलांना हे सांगितलं तेव्हा पूर्ण वर्ग चिडीचूप होता, असं क्वचित होतं.

आता पाळण्याचं. मोरेच्या सुमारे दोनशे जाती आहेत. 'जायंट मोरे' तीन मीटरपर्यंत वाढतो, तो घरात आणायचा विचारही करू नये. घरगुती टाकीत बहुतेक 'स्नोफ्लेक मोरे' ठेवतात. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे ठिपके, लांबी साधारण ६० ते ७० सेंटीमीटर, दात बोथट, कारण तो खेकडे फोडून खातो. म्हणजे टाकीत शोभेचे खेकडे, कोळंबी ठेवली तर ती त्याचं जेवण ठरणार हे धरूनच चाला.

टाकी निदान ३०० लिटरची हवी. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ३०० लिटरला किती? साडेदहा किलो. (हे गणित वर्गात जरूर द्या.) हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, समुद्री टाकीसाठी वेगळं मिश्रण मिळतं. आणि पाणी आटलं की वरून खारं नाही, गोडं पाणी घालायचं, कारण वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. बाष्पीभवनाचा धडा इतका सोपा मी कधी शिकवला नव्हता. त्या मुलाने काचेवर पट्टी चिकटवून रोजची पातळी वहीत लिहिली होती.

घाई मात्र इथे महागात पडते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी नुसती चालू ठेवायची. मोरे खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, म्हणून पाणी गाळणारी यंत्रणा दमदार लागते. आणि दुकानदाराने तांब्याचं औषध सुचवलं तर थांबा, खवले नसलेल्या या माशाला ते सोसत नाही.

खाणं आठवड्यातून दोन-तीनदा, माकूळ, कोळंबी, समुद्री मासा यांचे तुकडे. गोल्डफिश घालू नका, त्यात जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारा घटक असतो. मोरेला दिसतं कमी, पण वास तीव्र. बोटाला माशाचा वास असेल तर त्याला ते बोट वाटत नाही. म्हणून लांब चिमटाच वापरा, मुलांना हाताने भरवू देऊ नका. नवीन मोरे काही दिवस खात नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये.

प्रवाळांबद्दल एक महत्त्वाचं. मोरे प्रवाळ खात नाही, फक्त सरपटताना पाडतो. पण आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी "समुद्रातून आणलेत" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. कृत्रिम खडक वापरा, आणि ते वाळूवर नव्हे, थेट टाकीच्या तळावर पक्के बसवा. मोरे खालची वाळू उकरतो आणि खडक ढासळतो.

राहिलं झाकण. मोरेचं डोकं जिथून जातं तिथून सगळा मोरे जातो, आणि रात्री तो वाट शोधतच असतो. त्या घरी झाकण होतं, वजनदार होतं. पण पाण्याची नळी आत जायला मागच्या कोपऱ्यात फट ठेवली होती. सकाळी मासा कपाटामागे वाळून पडलेला सापडला. "एवढ्याशा फटीतून?" असं वडील पुन्हापुन्हा म्हणत होते. मुलाने दप्तरातली पट्टी काढून फट मोजली आणि पातळीच्या वहीत त्या तारखेपुढे लिहिलं, ३ सेंमी.