पावसाच्या दिवशी रॉटरडॅम पाहावे!



अभ्यास दौऱ्यावर हॉलंडला जाणाऱ्या आपल्या मंडळींची ठिकाणे ठरलेली असतात. फुलांचा लिलाव आणि काचघरे! ती जरूर पाहा. पण एखादा दिवस मोकळा मिळाला, सोबती खोलीवर आराम करीत असले आणि बाहेर पाऊस लागला असला, तर खिडकीशी बसून राहू नका. रेनकोट चढवा आणि एकटेच रॉटरडॅम शहरात बाहेर पडा. छत्री मात्र नको, तिथला वारा ती उलटी करतो. मी असा दिवस काढला आहे, म्हणून सांगतो.

तिथला पाऊस आपल्या मृगासारखा गर्जत येत नाही. वर्षाला साधारण 850 मिलिमीटर, पण तो बाराही महिन्यांत वाटून पडतो. बारीक आणि चिवट, श्रावणातल्या झडीसारखा. त्यातून देशाचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली. तिथे पडलेले पाणी आपोआप वाहून जात नाही, ते उपसूनच काढावे लागते. हा उद्योग पाहायचा, तर दिवस पावसाचाच हवा.

चौकातले शेततळे

मुख्य रेल्वे स्टेशनापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर बेंथेमप्लेन नावाचा चौक आहे. 2013 साली तिथे तीन खोलगट हौद बांधले. कोरड्या दिवशी मुले त्यांत चेंडू खेळतात. जोराचा पाऊस झाला की आजूबाजूच्या छपरांचे पाणी त्यांत येते. तिन्हींत मिळून सुमारे 17 लाख लिटर पाणी मावते. आपले 30 बाय 30 बाय 3 मीटरचे शेततळे साधारण 22 लाख लिटरचे. म्हणजे भर शहरात एक शेततळेच म्हणा ना! साठलेले पाणी काही जमिनीत मुरते, काही सावकाश कालव्यात सोडले जाते.

पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या

तिथून नदीवर या आणि वॉटरबस नावाची प्रवासी बोट धरा. साधारण 15 किलोमीटरवर किंडरडाइक हे गाव आहे. पावसामुळे गर्दी कमी, त्यामुळे निवांत पाहता येते. इथे 19 पवनचक्क्या आहेत, बहुतेक 1738 ते 1740 च्या सुमारास बांधलेल्या. 1997 साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. या चक्क्या धान्य दळीत नाहीत. पाती फिरली की खालचे मोठे चाक रहाटासारखे फिरते आणि सखल शेतातले पाणी उंचावरच्या कालव्यात टाकते. नदीची पातळी उतरली की दारे उघडून ते नदीत सोडायचे, अशी ही रीत. आता हे काम पंप करतात. पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना, तेव्हा याच जुन्या चक्क्या पुन्हा कामाला आल्या.

किंडरडाइक म्हणजे ‘मुलाचा बांध’. 1421 च्या महापुरात एक पाळणा वाहत या बांधाला लागला, आत मूल सुखरूप होते आणि एक मांजर उड्या मारून पाळण्याचा तोल सांभाळीत होते, अशी दंतकथा आहे. दंतकथा गोड असली तरी पूर खरे होते. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि या देशात 1,836 माणसे गेली.

म्हणून तिथे पाण्याचा कारभार एकट्यादुकट्यावर सोडलेला नाही. पाण्याची स्वतंत्र मंडळे आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापासूनची, आज अशी 21 मंडळे आहेत. दर चार वर्षांनी निवडणूक होते. घरवाला आणि शेतवाला, दोघेही पाणीपट्टीसारखा कर भरतात. आपल्याकडे एकाने बांध फोडायचा आणि पाणी दुसऱ्याच्या रानात सोडायचे, मग दोघांनी कोर्टात खेपा घालायच्या. तिथे शेजाऱ्याचे शेत बुडाले तर आपलेही बुडणार, हे सर्वांना ठाऊक आहे.

पोटाची सोय

थंडीत गेलात तर वाटाण्याच्या डाळीचे सूप मिळते, चमचा उभा राहावा इतके दाट. त्यात बहुधा डुकराचे मांस असते, तेव्हा आधी विचारून घ्या. शाकाहारी माणसाने पॅनकेक मागवावा. घावनापेक्षा जाड, ताटाएवढा, वर सफरचंदाच्या चकत्या. एकाचे पोट सहज भरते.

संध्याकाळी शहरात परतलात की वेस्ट क्राउसकाडे या रस्त्यावर सुरीनामी रोटी खा. 1873 पासून आपल्या देशातले गिरमिटिया मजूर कलकत्त्याहून सुरीनाम या डच वसाहतीत मळ्यांवर नेले गेले. 1975 साली सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांची पुष्कळ कुटुंबे हॉलंडला आली. रोटीत वाटलेली डाळ भरलेली, जणू तिखटमिठाचे पुरण! सोबत बटाटा आणि लांब शेंगांची भाजी. हाताने खाल्ले तरी कोणी वळून पाहत नाही. एकट्या परदेशी माणसाला त्या घासाने किती आधार वाटतो, ते तिथे बसल्यावरच कळेल.

दौऱ्यावर जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. पण एक गोष्ट प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. यंदा पहिला मोठा पाऊस लागला की घोंगडी किंवा इरले घेऊन बांधावर जा. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कुणाच्या रानात उतरते ते नीट पाहा. जाताना शेजाऱ्यालाही हाक मारा. दोघांनी मिळून पाहिले, तर चर कुठून काढायचा ते बांधावरच ठरेल.